दर्शन आणि तरतूद



देवळात जाताना आपण बहुधा मागणी घेऊनच जातो. मीही गेल्या वर्षी तशीच गेले. बी.कॉम.चा एक विषय राहिला होता, फेरपरीक्षेचा निकाल लागायचा होता. आजीला घेऊन ओमतीहून भेडाघाटला पोहोचले. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती पायऱ्यांपाशीच बसली. म्हणाली, "देवाला माझाही नमस्कार सांग गं."

टेकडीवरचे चौसष्ट योगिनी मंदिर कलचुरी राजांच्या काळातले, दहाव्या शतकातले. गोलाकार ओवरीत ८१ कोनाडे आहेत. त्यांतल्या अनेक मूर्ती भंगलेल्या आहेत. मधल्या गौरीशंकर मंदिरात नंदीवर बसलेल्या शिवपार्वतीची पूजा मात्र आजही होते.

इथल्याच ११५५ सालच्या एका शिलालेखात राणी अल्हणदेवीची नोंद आहे. तिने शिवमंदिर बांधले, सोबत मठ, अध्ययनासाठी शाळा आणि बागाही उभारल्या. खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. पुढच्या खर्चासाठी आज बाजूला काढलेल्या रकमेला आम्ही हिशेबाच्या भाषेत 'तरतूद' म्हणतो. राणीने भक्तीचीही तरतूद केली होती.

हाच भाव दूरच्या टोकियोतही दिसतो. तिथल्या मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानाची स्थापना १९२० साली झाली. देशभरातल्या लोकांनी सुमारे एक लाख झाडे दिली आणि तरुण स्वयंसेवकांनी ती लावली. त्या झाडांचे पूर्ण अरण्य झालेले आपल्याला पाहायला मिळणार नाही, हे लावणाऱ्यांना ठाऊक होते. आज त्या महानगरात भाविक त्याच सावलीतून दर्शनाला जातात.

आता माझी गोष्ट पुरी करते. मी खाली आल्यावर आजीने विचारले, "सांगितलास ना नमस्कार?" मी विसरले होते! माझ्या मागण्यांच्या गर्दीत तिचा एक नमस्कारही मावला नव्हता. मी पुन्हा पायऱ्या चढले. या वेळी फक्त आजीचा नमस्कार सांगितला, स्वतःसाठी काही मागितले नाही. मन इतके शांत पूर्वी कधी झाले नव्हते.

आचरणासाठी

१. दर्शनाला निघण्यापूर्वी, घरातल्या ज्यांना येता येत नाही त्यांचा नमस्कार आठवणीने सोबत घ्या.
२. देवापुढे आधी त्यांचे नाव घ्या, मग स्वतःचे.
३. परतण्यापूर्वी मागून येणाऱ्यासाठी काहीतरी करा. पायरीवरचा कचरा उचला किंवा एखाद्या वृद्धाला हात द्या.

चिंतनासाठी प्रश्न: मागच्या दर्शनात मी काय मागितले, आणि कोणासाठी काय ठेवून आले?