तळ्यात मत्स्यबीज: डॉ. हिरालाल चौधरी यांचे संशोधन

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तळ्यात झपाट्याने वाढतात, अंड्यांनी त्यांचे पोटही भरते. परंतु साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर येऊन गढूळ पाणी काठावर पसरले म्हणजेच त्यांचे प्रजनन होते. बंगालमधील काही विशिष्ट बांधांचा अपवाद सोडला, तर पूर्वी मत्स्यबीजाकरिता नदीवरच विसंबावे लागे. पुराच्या पाण्यात जाळी लावून जमविलेल्या मत्स्यजिऱ्यांत चांगल्या जातींबरोबर भक्षक माशांची पिल्लेही येत. ती सर्व दिसण्यात सारखी असल्याने पैसे देऊन घेतलेल्या बीजात काय आहे, हे शेतकऱ्यास मासे मोठे होईपर्यंत कळत नसे.

ही अडचण ज्यांनी दूर केली त्या डॉ. हिरालाल चौधरी यांचा जन्म १९२१ मध्ये सिल्हेट भागात झाला. कलकत्ता विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्राची पदवी घेतली व काही काळ अध्यापन केले. फाळणीनंतर ते भारतात आले आणि बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन केंद्रात दाखल झाले. पुढे कटक येथील तलावसंवर्धन विभागात त्यांचे मुख्य कार्य घडले.

माशाच्या मेंदूच्या खालच्या बाजूस मोहरीच्या दाण्यासारखी एक लहान ग्रंथी असते. तीस पोष ग्रंथी म्हणतात. तिच्या पेशींतून निघणारे संप्रेरक रक्तावाटे अंडाशयात पोहोचते. तेथे पूर्ण वाढलेली अंडपेशी जणू थांबून राहिलेली असते. संप्रेरक मिळताच तिचे केंद्रक मध्यभागातून कडेस सरकते व त्याचे आवरण विरते. मग भोवतालच्या पेशींच्या वेष्टनातून अंडे सुटते. तळ्यातील मादीत अंडपेशी तयार असते, ग्रंथीही असते. कमी पडतो तो नदीच्या पुराचा इशारा. तेव्हा दुसऱ्या माशाची ग्रंथी टोचून हा इशारा बाहेरून देता येईल काय, असा विचार पुढे आला. दक्षिण अमेरिकेत १९३० च्या दशकात असे प्रयोग झाले होते, आपल्याकडेही हमीद खान यांनी त्या दिशेने प्रयत्न केला होता. परंतु प्रमुख कार्प माशांत भरवशाचे यश मिळत नव्हते.

ओरिसातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी डॉ. चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांना ते मिळाले. याच घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. १९५९ मध्ये बाहेरून आणलेले चंदेरा व गवत्या हे मासेही पुढे याच पद्धतीने वाढविता आले.

पद्धत अशी. पक्व माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. उपयोगाच्या वेळी ती वाटून ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळतात व वरचे स्वच्छ द्रावण टोचतात. मादीस दर किलो वजनास २ ते ३ मिलिग्रॅमची पहिली मात्रा देऊन सुमारे ६ तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅमची दुसरी देतात. नरास याच दुसऱ्या वेळी एकदाच २ ते ३ मिलिग्रॅम पुरते. एक मादी व दोन नर कापडी हाप्यात सोडले असता ३ ते ६ तासांत अंडी पडतात. सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानात ती १५ ते १८ तासांत उबतात. आता ग्रंथीऐवजी तयार कृत्रिम संप्रेरक वापरतात. ते एकदाच टोचावे लागते, ही सोय मोठी आहे.

टोचणीने अपक्व मादी पक्व होत नाही, हे मात्र ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस आवर्जून सांगावे. मादीचे पोट मऊ व फुगीर आणि गुदद्वार लालसर असावे. नराच्या छातीजवळील पराला हात लावता खरखरीत लागावे व पोट हलके दाबता दुधासारखे वीर्य यावे. पुष्कळशी अपयशे औषधात नसून या निवडीतच असतात.

डॉ. चौधरी यांनी पुढे परदेशांतही मत्स्यसंवर्धनाचे काम केले. सप्टेंबर २०१४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पद्धतीने नदीची जोखीम टळली, पण दुसरी एक निर्माण झाली. त्याच त्या थोड्या जनक माशांपासून वर्षानुवर्षे बीज काढल्यास सगोत्र प्रजननाने वाढ खुंटते, आणि निरनिराळ्या जाती एकाच हाप्यात सोडल्यास संकर होतो. यासाठी बीज घेण्यापूर्वी उत्पादकास जनक मासे कोठून आणले व केव्हा बदलले हे विचारावे, आणि शक्य तर ते स्वतः पाहून यावे.