घरी राहून काम करणाऱ्यांचे हक्क आणि कुटुंबाची जबाबदारी

शहरांतील अनेक कुटुंबांत पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात. घरात तान्हे मूल असते, किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असते. अशा वेळी दोन वेळा येऊन धुणेभांडी करून जाणाऱ्या बाईवर भागत नाही. घरीच राहून काम करणारी व्यक्ती शोधावी लागते. बोलीभाषेत तिला 'चोवीस तासांची बाई' म्हणतात. या प्रश्नाचे मूळ या शब्दप्रयोगातच आहे. चोवीस तास घरात राहणे आणि चोवीस तास कामावर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील फरक जेथे पुसला जातो, तेथे अन्यायास प्रारंभ होतो.

वरकाम करणाऱ्या स्त्रीचे काम उंबरठा ओलांडताच संपते. संध्याकाळी ती आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत परतते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी वेतन व कामाच्या अटी यांसाठी संप केला, तो या एकत्र येण्याच्या बळावर. राहून काम करणारी स्त्री मात्र एकाकी असते. तिचे जेवण, निजण्याची जागा आणि रोजगार एकाच दारावर अवलंबून असतात. काम सुटले की त्याच दिवशी छप्परही सुटते. म्हणूनच तिच्या बाबतीत सर्व अटी नेमणुकीपूर्वीच स्पष्ट होणे अगत्याचे आहे.

वय आणि ओळख

पहिली बाब वयाची. घरगुती नोकर म्हणून चौदा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी अधिक व्यापक होऊन तिच्या उल्लंघनासाठी सहा महिने ते दोन वर्षे कारावास, वीस ते पन्नास हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. 'गावाकडची गरीब मुलगी, खाऊनपिऊन सुखी राहील' ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. राहत्या कामासाठी अठरा वर्षे पूर्ण झालेलीच व्यक्ती नेमावी.

कामावर येणाऱ्या व्यक्तीची माहिती व छायाचित्र पोलीस ठाण्यास देण्याचा प्रघात आहे. तो योग्यच होय. परंतु खातरजमा उभयपक्षी असावी. कुटुंबाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक तिच्या नातलगांनाही कळवावा. तिचे आधारपत्र वा अन्य मूळ कागदपत्रे मालकाने स्वतःजवळ ठेवून घेऊ नयेत.

काम, विश्रांती आणि जागा

स्वयंपाक, मुलांचा सांभाळ, रुग्णाची शुश्रूषा यांपैकी कोणते काम तिच्याकडे राहील, हे एका कागदावर लिहून तिला वाचून दाखवावे. रुग्णासाठी रात्री तीन वेळा उठावे लागत असेल, तर ती रात्र विश्रांतीची नव्हे. तिची भरपाई दिवसा झोपेने व वाढीव वेतनाने व्हावयास हवी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली संमत केलेल्या घरकामगारविषयक १८९ क्रमांकाच्या करारात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांतीची तरतूद असून, ती सुटी मालकाच्याच घरात घालविण्याची सक्ती असू नये, असेही म्हटले आहे. भारताने या कराराचे अनुसमर्थन केलेले नाही. तरीही न्याय्य व्यवहाराचा मापदंड म्हणून तो प्रत्येक कुटुंबास स्वीकारता येईल.

निजण्यासाठी स्वयंपाकघरातील फरशी पुरेशी मानू नये. जागा लहान असली तरी आतून कडी लावता येईल अशी असावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमात राहते घरही कामाचे ठिकाण मानलेले आहे. घरकामगार स्त्रीला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची असते.

वेतन, उचल आणि नोंदणी

वेतन ठरल्या तारखेस, शक्यतो तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावे. अन्न व निवारा ही राहत्या कामाची गरज आहे. ती उपकार म्हणून वेतनातून वळती करू नये. आजारपणाचे दिवस खाडे धरू नयेत. लग्नकार्यासाठी वा औषधपाण्यासाठी उचल दिल्यास तिची परतफेड लहान हप्त्यांत करून घ्यावी व प्रत्येक हप्त्याची नोंद दोघांकडेही असावी. उचल फिटेपर्यंत काम सोडू न देणे ही वेठबिगारीच होय. १९७६ च्या केंद्रीय अधिनियमाने ती पद्धती नष्ट केलेली असून, तशी सक्ती करणे हा गुन्हा आहे.

महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ साली संमत केला. अठरा वर्षे पूर्ण व साठ वर्षांखालील घरकामगारास त्याखाली नोंदणी करता येते. अपघात, औषधोपचार, प्रसूती, मुलांचे शिक्षण व मृत्यूनंतरचा अंत्यविधी यांसाठी साहाय्याची तरतूद या अधिनियमात आहे. नोंदणीसाठी मालकाचे प्रमाणपत्र लागते, आणि नेमके तेच देण्यास अनेक सुशिक्षित कुटुंबे कचरतात. एका सहीने आपल्यावर कसले तरी ओझे येईल, ही भीती त्यामागे असते. परंतु सही नाकारल्याने जी व्यक्ती घरातील वृद्धांना औषध पाजते, तिच्याच औषधाची वाट बंद होते.

निरोपाची वेळ

काम थांबविण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. मूल मोठे होते, रुग्ण बरा होतो वा दगावतो. राहत्या कामगारास अशा वेळी किमान एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी, थकबाकी चुकती करावी आणि गावी परतण्याचा खर्च द्यावा. ही अटही पहिल्याच दिवशी कागदावर यावी.

मुंबईत एके काळी कोकणातून आलेल्या घरगड्यास, त्याचे नाव काहीही असो, सर्रास 'रामा' म्हणून हाक मारीत. त्या हाकेत माणूस दिसेनासा होऊन केवळ काम उरत असे. आज कायद्याने या कामास 'कामगार' ही संज्ञा दिली आहे. ती घरोघरी खरी ठरावयाची, तर रात्री भांडी आवरल्यावर 'आता तुझे काम संपले' हे शब्द कुणीतरी उच्चारले पाहिजेत आणि ते पाळलेही पाहिजेत.