नावेला इंजिन लावले, पण पाण्याचा हिशोब?

चांगदेवजवळ तापी व पूर्णा मिळतात आणि पुढे हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. या फुगवट्यात मासळी किंवा माणसे नेण्यासाठी नावेला मागे इंजिन लावणाऱ्या बांधवांना आम्ही प्रथम एवढेच सांगू : जळगावात ऊन असले तरी बऱ्हाणपूर, अकोल्याकडचा पाऊस इथेच उतरतो. दरवाजे उघडले की संथ दिसणाऱ्या पाण्याला धरणाकडे ओढ लागते. अशा वेळी इंजिन बंद पडले तर? म्हणून पावसाळ्यात पाटबंधारे खात्याकडे चौकशी केल्याशिवाय नाव सोडू नये. वल्ही, नांगर व दोर बारा महिने नावेत हवेत.

इंजिन बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. चालू इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडते. गाळाने ती थांबली की इंजिन लगेच बंद करावे, नाही तर पिस्टन जाम होतो. पंख्यात जाळे अडकल्यास आधी इंजिन बंद, मग हात. टू-स्ट्रोक इंजिनास पन्नासास एक मिश्रण सांगितले असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर तेल मोजूनच घालावे. पेट्रोल किनाऱ्यावर भरावे, विडी विझवून.

इंजिन बंद करणारी दोरी चालकाने मनगटाला अडकवावी. तो पाण्यात पडला तर नाव थांबते. एरवी ती फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. ही दोरी हँडललाच गुंडाळून ठेवण्याची सवय आम्हांस मुळीच पसंत नाही.

भाड्याच्या लोभाने एक माणूसही जास्त घेऊ नये. लाइफ जॅकेट जितकी, तितकीच माणसे.