देशाटन आणि आतिथ्य

परदेशीं जाऊन नुसतीं प्रेक्षणीय स्थळें पाहणें निराळें आणि तेथील लोकांच्या सहवासांत राहणें निराळें. हा भेद ओळखून युरोपांतील विद्यार्थ्यांनीं १९८५ सालीं पॅरिस येथें 'एजे' ही संस्था काढली. उन्हाळ्यांत तिच्या एखाद्या शाखेचे विद्यार्थी यजमान होतात. नाना देशांचे विद्यार्थी त्यांच्या गांवीं एक-दोन आठवडे राहून तेथील भाषा, इतिहास व चालीरीती जाणून घेतात. आज जो पाहुणा, तो उद्यां आपल्या गांवीं यजमान होऊं शकतो.

अशा देवघेवीचें एक थोर उदाहरण आपल्या शहरासही लाभलें आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्यें महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१६ मध्यें लंडनला पोहोंचले. तेथें मिळविलेली विद्या त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं. त्यांनीं स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० मध्यें आपल्या शहरांत महाविद्यालय सुरू केलें. तेंच पुढें 'मिलिंद' या नांवानें प्रसिद्ध झालें. ज्यांस दूर जाऊन शिकणें परवडत नव्हतें, त्यांच्या दारीं विद्या आली.

पालकांस कदाचित् वाटेल कीं, देशाटन हा धनिकांचाच विषय. परंतु या देवघेवींत अर्धा वांटा यजमानाचा असतो, आणि त्यास तिकीट लागत नाहीं. वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी आपल्या शहरांत उतरतात. कैलास लेणें डोंगराच्या माथ्यापासून खालीं खोदीत कसें आणिलें, हें त्यांस सांगतां येण्याइतका इतिहास व एक परकी भाषा आपण शिकावी. आणि त्यांच्या देशाविषयीं एक तरी प्रश्न आवर्जून विचारावा.