कावड आधी उतरव

केनियातल्या मिशन दवाखान्यात तीन वर्षं काढून आलीस आणि चौथ्याच दिवशी विचारतेस, "आत्या, आता पुढे कुठे जाऊ?" बस जरा. मीही एकदा अशीच परतले होते. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून बरंच चुकले. त्या चुकांतून उरलेलं हे चार-पाच गोष्टींचं गाठोडं.

आपल्या मानिक चौकातून चार पावलं गेलं की राणी महाल. १८५८च्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे याच झाशीत अडकले होते. दक्षिणा मिळवायला निघालेला माणूस, सगळं लुटलं गेलं. पण गंगेची कावड तेवढी घरी पोचवली आणि आईवडिलांना त्या पाण्यानं न्हाऊ घातलं. कावड उतरली तेव्हा त्यांचा प्रवास पुरा झाला. तुझी अजून खांद्यावरच आहे, आणि तू दुसरी उचलायला निघालीस.

अंगाकडे आधी बघ. ताप आला तर "झाशीचं ऊन बाधलं" म्हणून पन्हं पिऊन पडून राहू नकोस. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं, "मी केनियाहून आलेय." काही जातींचा मलेरिया यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी डोकं वर काढतो. तू नर्स आहेस, हे मी तुला शिकवायला नको. पण नर्सच स्वतःची नाडी बघायला विसरतात. प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही सांगितलेत तितके दिवस घ्यायच्या.

पैशाचा हिशोब लाव. पर्समध्ये राहिलेल्या परदेशी नोटा आठवण म्हणून डब्यात पडू देऊ नकोस. दोन हजार डॉलरपर्यंतच्या ठेवता येतात, वरच्या १८० दिवसांत बँकेत द्याव्या लागतात. एनआरई खातं असेल तर बँकेला सांग, की मी आता इथेच राहते. आणि मिशनचा शेवटचा हिशोब पावत्यांसकट पाठव. सेवेच्या पैशाचा हिशोब कुणी मागितला नाही तरी द्यायचा असतो.

जीभ आवर. परतल्यावर पहिल्याच रविवारी मी मंडळीसमोर दीड तास बोलले. पुढच्या रविवारी मला बघून लोक दाराजवळच्या बाकांवर बसले! "कसं होतं गं तिकडे?" असं विचारणाऱ्याकडे चहाच्या एका कपापुरता वेळ असतो. तेवढ्यात बसेल अशी एक गोष्ट तयार ठेव. बाकीचं त्याचं ऐक. तीन वर्षांत इथंही लग्नं झाली, माणसं गेली. "आमच्या तिकडे" हे दोन शब्द सहा महिने तोंडातून काढायचे नाहीत. आणि पेशंटचे फोटो मोबाइलवर फिरवू नकोस. त्यांची लाज राखायला गेली होतीस, दाखवायला नाही.

बोलायचं राहिलं ते लिही. पंडिता रमाबाई १८८९ साली अमेरिकेहून परतल्या, तेव्हा तिथल्या लोकांचं जगणं-वागणं त्यांनी मराठीत पुस्तक लिहून आपल्या माणसांपुढे ठेवलं. त्याच वर्षी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिकडून काय आणलं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. तू पुस्तक लिही असं म्हणत नाही. रोज एक पान लिही. नावं, वास, चुकलेले डोससुद्धा.

मागचं दार नीट लाव. तुझ्या जागी आलेल्या मुलीला सविस्तर पत्र टाक. कुठल्या कपाटाची किल्ली अडते, कोणतं पोर इंजेक्शनच्या दिवशी पळतं, कोणाला गोळी हातात न देता समोर घ्यायला लावायची. "मी परत येईन" असा शब्द मात्र कुणाला देऊ नकोस. आपण सहज बोलून जातो, ते दिवस मोजत बसतात.

मग नवा प्रवास. १८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं रमाबाईंच्या कामाला दहा वर्षं मदत करायचा शब्द दिला होता. मुदत सरल्यावर, १८९८ मध्ये, बाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. सांगायला दहा वर्षांचं काम होतं, म्हणून जाण्याला वजन होतं. तूही नुसती मन लागत नाही म्हणून जाऊ नकोस. जायचं ठरलं की पासपोर्टची मुदत बघ. बरेच देश सहा महिने तरी शिल्लक मागतात. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड जपून ठेव, आता ते जन्मभर चालतं. बॅग अर्धीच भर. जाताना भरलेली बॅग येताना कुणाचंच काही आणू देत नाही.

तुझी ट्रंक अजून ओसरीवर तशीच बांधलेली आहे, रोज मी तिला वळसा घालून जाते. आज संध्याकाळी ती रिकामी कर. उद्या उन्हात उलटी घाल, झाशीत उन्हाला तोटा नाही. आतला दवाखान्याचा वास गेला की नकाशा घेऊन ये माझ्याकडे. चहा मी टाकते.