जुना संगणक आणि नवी हार्ड डिस्क

नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा जो दृष्टांत प्रभु येशूनें सांगितला, तो आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. नवें व जुनें यांचा मेळ विचार न करतां घातला तर दोहोंचीही हानि होते, ही त्यांतील व्यवहाराची गोष्ट यंत्रविद्येसही लागू पडते. जुन्या संगणकास नवी हार्ड डिस्क जोडणें हें याचें एक बोधप्रद उदाहरण असून, त्याचाच येथें थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

कोणी म्हणेल, जुना संगणक टाकून नवा कां घेऊं नये? याचें उत्तर मिरजगांवासारख्या बाजारपेठेच्या गांवीं राहणारांस सहज पटेल. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी संगणकावर मराठी मजकूर जुळविण्यासाठीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम व पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपि अशा प्रणाली छपाईच्या दुकानांतून व कचेऱ्यांतून वापरीत असत. त्यांत अक्षरांस दिलेले आंतील क्रमांक युनिकोडहून निराळे. म्हणून मूळचे फाँट नसतील तर तो मजकूर केवळ अर्थहीन चिन्हांचा समूह दिसतो. शिवाय अशा कांहीं प्रणालींबरोबर प्रिंटरच्या जोडास लावावयाची एक लहान डबी येई. ती कुलुपासारखें काम करी, व आजच्या संगणकांस तो जोडच नसतो. अशा रीतीनें एखाद्या कुटुंबाच्या दुकानाचें, शाळेचें किंवा मंडळीचें पंधरावीस वर्षांचें लिखाण एका जुन्या यंत्रांत अडकून राहतें. यंत्र चालतें, पण आंतील फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क झिजून एके दिवशीं कुरकुरूं लागते. तिच्या जातीची डिस्क आतां नव्यानें बनत नाहीं. दुकानांत मिळते ती दुसऱ्या जातीची.

या दोन जाती कोणत्या? जुनीस आयडीई व नवीस साटा म्हणतात. आयडीईची केबल रुंद, चपटी, पट्टीसारखी असून तिचा जोड चाळीस टोकांचा असतो व तिच्यांतून एका वेळीं सोळा बिट शेजारशेजारच्या तारांनीं जातात. २००३ सालापासून प्रचारांत आलेल्या साटाचा जोड अवघा सात टोकांचा, आणि त्यांतून बिट एकामागून एक धांवतात. आतां सोळांपेक्षां एकेक करून जाणें जलद कसें? कवायतीच्या मैदानावर सोळा मुलें एका ओळींत खांद्यास खांदा लावून चालविलीं, तर सर्वांचें पाऊल एकदम पडावें म्हणून वेग आवरावा लागतो. तींच एकामागें एक सोडलीं तर भरधांव पळूं शकतात. तारांचेंही तसेंच आहे. आयडीईचा वेग सेकंदास १३३ मेगाबाइटांपर्यंत येऊन थांबला. साटा १५० पासून निघून ३०० व पुढें ६०० पर्यंत गेला.

जोडणी करणारानें तीन प्रश्न क्रमानें विचारावेत. पहिला जोडाचा. २००३ नंतरच्या पुष्कळ मदरबोर्डांवर आयडीईबरोबर साटाचे एकदोन जोडही असतात. प्रथम ते शोधावेत. त्यांतील कांहीं अगदीं आरंभीचे जोड नव्या डिस्कचा वेग ओळखीत नाहींत. ज्या डिस्कवर वेग १५० वर आणणारा लहान जंपर असतो, तिच्यावर तो बसवावा. साटाचा जोड मुळींच नसेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचें काम कुर्डुवाडी स्थानकाच्या इतिहासावरून समजेल. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फूट अंतराचे, आणि मुंबईकडून येणारे साडेपांच फूट अंतराचे. म्हणून कुर्डुवाडीस माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. माल पोंचे, पण पुढील वेग लहान गाडीचाच. कन्व्हर्टरनें डिस्क चालते, परंतु वेग जुन्या वाटेचाच मिळतो. कन्व्हर्टर दोन प्रकारचे मिळतात: एक साटा डिस्क जुन्या मदरबोर्डास जोडणारा व दुसरा त्याच्या उलट. विकत घेतांना आपणांस पहिला पाहिजे हें स्पष्ट सांगावें.

दुसरा प्रश्न विजेचा. जुन्या एसएमपीएसमधून पांच व बारा व्होल्ट देणारा चार टोकांचा जोड निघतो. साटा डिस्कचा विजेचा जोड पंधरा टोकांचा असतो. मध्यें जोडतार लावल्यास काम भागतें. मात्र साच्यांत ओतलेल्या हलक्या जोडांत आंतल्या तारा एकमेकींस टेकून ते जळाल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून येथें दहावीस रुपयांची काटकसर करूं नये.

तिसरा प्रश्न मोजणीचा. आणि खरा धोका येथेंच आहे. डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या कप्प्यांत वांटलेली असून प्रत्येक कप्प्यास क्रमांक असतो. जुनीं यंत्रें तो क्रमांक २८ बिटांत लिहीत. अठ्ठावीस बिटांत २६,८४,३५,४५६ क्रमांक मावतात. त्यांस ५१२ नें गुणिलें असतां १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट, म्हणजे सुमारें १३७ गिगाबाइट होतात. त्यापलीकडे जुन्या यंत्रास मोजतांच येत नाहीं. चार आंकड्यांच्या मीटरवर ९९९९ नंतर पुन्हां ०००० येतें, तसा पुढील क्रमांक आरंभाकडे वळतो. विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तींत हा दोष होता. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनें तो दूर झाला. दुरुस्ती न केलेल्या प्रणालीस मोठी डिस्क दिली, तर मर्यादा ओलांडतांच नवा मजकूर जुन्याच्या डोक्यावर लिहिला जाऊन दोन्ही नष्ट होऊं शकतात. बुधला फुटतो तो असा! पुढें ४८ बिटांची मोजणी आली. तथापि एमबीआर पद्धतीनें विभागलेल्या डिस्कची मर्यादा २.२ टेराबाइटच आहे. म्हणून आमचें सांगणें असें, कीं जुन्या यंत्रास मोठ्या डिस्कचा मोह धरूं नये. १२० गिगाबाइटची साटा एसएसडी या मर्यादेच्या आंत बसते, आणि २०, ४० किंवा ८० गिगाबाइटच्या जुन्या डिस्कवरील सर्व कांहीं तिच्यांत मावतें.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा. कुरकुरणारी डिस्क वारंवार चालू करूं नये. ती काढून यूएसबी अडॉप्टरनें दुसऱ्या संगणकास जोडावी व फाँटांसह सर्व मजकुराची नक्कल प्रथम करावी. नंतर क्लोनझिलासारख्या मोफत साधनानें संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घ्यावी. मूळ कोणती व नवी कोणती हें दोनदां तपासावें, कारण उलट झाल्यास कोरी डिस्कच जुनीवर उतरेल. संगणक उघडण्यापूर्वी वायर भिंतींतून काढावी व धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी. साटाचा जोड वापरला असल्यास बायॉसमध्यें तो आयडीई पद्धतीवर ठेवावा. एक्सपीजवळ एएचसीआय पद्धतीचें ड्रायव्हर मूळांत नसल्यामुळें एरव्हीं निळा पडदा येऊन यंत्र थबकतें. शेवटीं जुनी डिस्क फेंकून न देतां, तारीख व नांव लिहून कपाटांत ठेवावी.

असो. एवढ्यानें जुन्या यंत्राचें आयुष्य कांहीं वर्षांनीं वाढतें. तें अक्षय होत नाहीं. मिळालेल्या त्या काळांत तेथील मजकूर युनिकोडमध्यें उतरवून त्याची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवणें, हें त्याहून महत्त्वाचें काम होय. ज्या घरीं असा संगणक असेल, तेथील पालकांनीं तें काम मुलांवर सोंपवावें, आणि मुलांनीं वडिलांचें लिखाण आपल्या हातीं दिलेली ठेव समजून तें नेटानें तडीस न्यावें. यंत्र जुनें होणारच. परंतु त्यांत ज्यांनीं लिहिलें, त्यांचे श्रम आपल्या आळसानें नाहींसे होऊं नयेत.