घरच्या घरी ध्वनिमुद्रण

प्रस्तावना

गाणे गुरूसमोर बसून शिकावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. नोकरीच्या निमित्ताने गाव सुटले की ही रीत पाळणे अवघड होते. शिकण्याची ओढ मात्र सुटत नाही. चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम मार्गावर सिरुसेरी हे ठिकाण आहे. तेथील सिपकॉटच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे काम करतात. पुण्याहून वा मिरजेहून तेथे गेलेल्या एखाद्या गायकाची कल्पना करा. दिवसभर संगणकापुढे काम, पहाटे रियाज आणि आठवड्यातून एकदा गुरूंकडे पाठवलेले ध्वनिमुद्रण, असा त्याचा क्रम आहे.

अशा वेळी गुरूंच्या कानी शिष्याचे गाणे जात नाही. जाते ते त्याचे मुद्रण. खोलीच्या घुमण्याने डळमळीत स्वर झाकला गेला, तर चूक तशीच राहील. यंत्राने सच्चा स्वर बिघडवला, तर नसलेली चूक दुरुस्त करण्यात महिने जातील. म्हणून साधने निवडताना आवाज किती गोड लागेल, यापेक्षा तो किती खरा उमटेल, हे पाहावे लागते. अशी निवड कशी करावी, ते या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• ध्वनिमुद्रणात खोलीचे महत्त्व सांगता येईल;
• मायक्रोफोनचे प्रमुख प्रकार व त्यांचे उपयोग स्पष्ट करता येतील;
• आपल्या गरजेप्रमाणे साधनांचा क्रम ठरवता येईल.

१. तबकडीपासून घरापर्यंत

भारतातील तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी विजेवर चालणारा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे आणि त्या कंपनांनी सुईने मेणावर रेषा कोरायची, अशी ती पद्धत होती. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. १९२५ च्या सुमारास विद्युत मुद्रण आले आणि हळुवार स्वरही तबकडीवर उमटू लागला.

किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे दीर्घकाळ वास्तव्य मिरजेस होते. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीस जाताना प्रकृती बिघडल्यामुळे ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. सिरुसेरी ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात हे स्थानक आहे. खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता राहिली नाही; तरी त्यांचा स्वर कसा लागत असे, हे आजच्या विद्यार्थ्याला त्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून कळते. मुद्रण हे असे उत्तरदायित्वाचे काम आहे.

पुढे मुद्रणाची साधने हळूहळू घरात आली. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आणले. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ सालचा 'नेब्रास्का' हा गीतसंग्रह अशाच यंत्रावर, दोन सामान्य मायक्रोफोन वापरून, राहत्या घरात मुद्रित केला. त्यातील गाणी नंतर वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित करण्याचा विचार होता; परंतु घरच्या मुद्रणातील भाव त्यात उतरेना, म्हणून मूळ मुद्रणच प्रसिद्ध करण्यात आले.

चेन्नईतील उदाहरण तर सर्वपरिचित आहे. ए. आर. रहमान यांनी १९८९ साली कोडंबाक्कम येथील आपल्या घराच्या आवारात 'पंचतन रेकॉर्ड इन' हा स्टुडिओ उभारला. १९९२ सालच्या 'रोजा' चित्रपटाचे संगीत तेथेच आकाराला आले. घरातला स्टुडिओ म्हणजे दुय्यम स्टुडिओ, हा समज त्यामुळे मागे पडला.

२. आधी खोली, मग यंत्रे

साधने घ्यायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष प्रथम मायक्रोफोनच्या किमतीकडे जाते. वास्तविक पहिले साधन म्हणजे खोली. आवाज मायक्रोफोनपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो : एक गळ्यातून थेट, आणि दुसरा भिंती, छत व फरशी यांवर आपटून. नव्या इमारतींतील सदनिकांत गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि मोठ्या काचा असतात. तेथे परावर्तित ध्वनी फार असतो. महागडा मायक्रोफोन हे घुमणे अधिकच बारकाईने टिपतो. ते दूर करीत नाही.

खोलीची परीक्षा सोपी आहे. मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागोमाग झणझणीत प्रतिध्वनी आला, तर ती खोली जशी आहे तशी मुद्रणास योग्य नाही. पुस्तकांनी भरलेले कपाट, कापसाची गादी, जाड पडदे आणि चार-पाच पदरी गोधड्या यांनी तिच्यात पुष्कळ सुधारणा होते. गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगावी. मायक्रोफोनचे तोंड गायकाकडे असते. त्यामुळे गायकामागील भिंतीवरून येणारा ध्वनी तो सर्वांत जास्त टिपतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. खोलीतील घुमणे कमी करणे वेगळे आणि बाहेरचा आवाज अडवणे वेगळे. भिंतीवर चिकटवलेला पातळ फोम किंवा अंड्यांचे रिकामे ट्रे रस्त्यावरील वाहनांचा आवाज थांबवत नाहीत. त्यासाठी जड भिंत आणि फटी नसलेली खिडकी लागते. पातळ फोम फक्त उंच स्वरांचे परावर्तन शोषतो. डग्ग्याचा खर्ज ध्वनी त्याला जुमानत नाही, कारण ६० हर्ट्झ कंपनसंख्येच्या ध्वनीची तरंगलांबी साडेपाच मीटरांहून अधिक असते.

समोरासमोरच्या दोन भिंतींत ३ मीटर अंतर असेल, तर ५७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील ११४, १७१ हर्ट्झ अशा कंपनसंख्यांचे स्वर काही जागी फुगतात आणि काही जागी विरतात. म्हणून खोलीच्या नेमक्या मध्यावर बसू नये. थोडे पुढेमागे सरकून, मुद्रण करून आणि ऐकून जागा ठरवावी. या प्रयोगास पैसे पडत नाहीत.

पाठगत प्रश्न
(१) महाग मायक्रोफोनने खोलीतील घुमणे कमी का होत नाही?
(२) गोधडी गायकाच्या पाठीमागे का टांगावी?

३. मायक्रोफोनची निवड

मायक्रोफोन प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यामुळे वीज निर्माण होते. तो दणकट असतो आणि दूरचे बारीक आवाज कमी टिपतो. शुअर कंपनीचा १९६६ साली आलेला एसएम ५८ हा या प्रकारचा मायक्रोफोन आजही रंगमंचावर सर्वत्र दिसतो. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये विद्युतभारित पातळ पडदा असतो. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या या प्रकाराला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा करावा लागतो. तो अतिशय संवेदनशील असतो. मींडीतील सूक्ष्म श्रुती टिपतो, तसाच पंख्याचा आवाजही टिपतो.

यांपैकी कोणता चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या खोलीत, कोणत्या आवाजासाठी, हे त्यास जोडावे लागते. खोली शांत आणि नीट झाकलेली असेल, तर गायन, सतार व तानपुरा यांसाठी कंडेन्सर योग्य ठरतो. खिडकीखाली वाहता रस्ता असेल आणि गाणे खुल्या आवाजाचे असेल, तर डायनॅमिक मायक्रोफोन जवळ ठेवून गाणे अधिक शहाणपणाचे.

तानपुऱ्याचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीला नेमका बाक देऊन आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात. तिच्यामुळे एका तारेतून अनेक उपस्वर फुलतात. मायक्रोफोन घोडीला अगदी चिकटून ठेवला, तर तारेचा खणखणाट येतो. फार दूर नेला, तर जवारी खोलीच्या घुमण्यात हरवते. साधारण ३० ते ५० सेंटिमीटर अंतरापासून आरंभ करावा आणि कानाने शेवट करावा. गायकासाठी १५ ते २५ सेंटिमीटर अंतर व मध्ये श्वासाचा झोत अडवणारी जाळी पुरेशी असते. अंतर निम्मे केले की थेट ध्वनी सुमारे ६ डेसिबलने वाढतो; म्हणजे जागा बदलणे हे नवे यंत्र घेण्याइतकेच परिणामकारक ठरू शकते.

४. इंटरफेस आणि संगणक

मायक्रोफोनमधील क्षीण विद्युतसंकेत वाढवून त्याचे अंकांत रूपांतर करणाऱ्या उपकरणास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तो घेताना प्रथम एकाच वेळी किती मायक्रोफोन लागतील, ते मोजावे. गायन आणि तानपुरा यांसाठी दोन जागा पुरतात. तबला व हार्मोनियम यांचे मुद्रण सोबतच करायचे असेल, तर किमान चार हव्यात. केवळ एकट्याचा रियाज पाठवायचा असेल, तर संगणकाला थेट जोडला जाणारा यूएसबी मायक्रोफोनही चालतो. मात्र पुढे दुसरा मायक्रोफोन वाढवणे त्यात अवघड जाते.

सीडीवर ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून १६ बिटांत साठवला जातो. मुद्रणासाठी २४ बिट वापरावेत. त्यामुळे ध्वनीची पातळी खालीच ठेवता येते. सर्वांत जोरकस तानेलाही पातळीदर्शक उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही, अशी योजना करावी. अंकीय मुद्रणात मर्यादा ओलांडलेला स्वर फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. ४८,००० नमुने व २४ बिट या मापाने दोन पट्ट्यांचे एक तासाचे मुद्रण सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. मुद्रणाच्या आज्ञावलीवर आरंभी खर्च करण्याचे कारण नाही. ऑडॅसिटीसारखी आज्ञावली विनामूल्य मिळते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दूरध्वनीवरील संभाषणासाठी तयार केलेल्या आज्ञावली सतत चालणारा आवाज हा गोंगाट समजून कापून टाकतात. तानपुरा हा सतत चालणाराच आवाज असल्यामुळे तोही कापला जातो आणि गायकाचा षड्ज निराधार ऐकू येतो. अशी 'सुधारणा' बंद करूनच मुद्रण करावे.

५. ऐकण्याची साधने आणि निगा

मुद्रण करताना कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन वापरावेत. नाहीतर त्यांतून निसटलेला ठेका मायक्रोफोनमध्ये शिरतो. खर्ज वाढवून दाखवणारे हेडफोन ऐकायला सुखद वाटतात, पण त्यांवरून केलेला निर्णय चुकतो. झालेले मुद्रण हेडफोनवर, साध्या मोबाइलवर आणि शक्य असल्यास स्पीकरवर, असे निरनिराळ्या ठिकाणी ऐकून पाहावे.

सिरुसेरी समुद्रापासून जवळ आहे. तेथे हवा बहुतेक काळ दमट असते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. कोकण व मुंबई येथील वाचकांनाही हा अनुभव नवा नाही. कंडेन्सर मायक्रोफोन उघडा ठेवल्यास ओलाव्याने त्यात चरचर सुरू होते. काम संपताच तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. मुद्रणात सतत घरघर येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली, तर दोष वीजजोडणीत वा भूसंपर्कात आहे. मायक्रोफोन बदलून तो जाणार नाही.

६. खर्चाचा क्रम

संगीतकाराची मिळकत बहुधा बेताची असते. चुकीच्या क्रमाने केलेला खर्च त्याला परवडत नाही. म्हणून प्रथम खोली झाकावी. तिला घरातील वस्तू पुरतात. नंतर आवाजाला व खोलीला साजेसा एक मायक्रोफोन, भक्कम स्टँड आणि चांगली केबल घ्यावी. त्यानंतर इंटरफेस व हेडफोन घ्यावेत. स्पीकर सर्वांत शेवटी. शक्य असेल, तर विकत घेण्यापूर्वी दोन मायक्रोफोन मागून आणावेत आणि तोच राग, त्याच खोलीत, त्याच अंतरावरून गाऊन त्यांची तुलना करावी. जो अधिक गोड वाटतो तो नव्हे, तर ज्यात आपला कच्चा स्वर स्पष्ट कळतो, तो शिकणाऱ्याने निवडावा. गुरूंपर्यंत तोच स्वर पोहोचायला हवा.

शब्दार्थ

परावर्तन – पृष्ठभागावर आपटून परत फिरणे
जवारी – तंतुवाद्याच्या तारेतून उपस्वरांसह उमटणारा भरीव नाद
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
भूसंपर्क – वीजजोडणीचा जमिनीशी असलेला संबंध

स्वाध्याय

१. 'मुद्रण हे उत्तरदायित्वाचे काम आहे', हे विधान अब्दुल करीम खाँ यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. घुमणे कमी करणे आणि बाहेरचा आवाज अडवणे यांतील फरक लिहा.
३. पुढील प्रसंगी कोणता मायक्रोफोन निवडाल? सकारण लिहा. (अ) गजबजलेल्या रस्त्यालगतच्या खोलीतील पोवाडा-गायन (आ) शांत खोलीतील तानपुरा
४. उपक्रम : आपल्या घरातील तीन खोल्यांत टाळी वाजवून, मोबाइलवर तिचे मुद्रण करा. कोणत्या खोलीत प्रतिध्वनी सर्वांत कमी आहे आणि का, याची आठ-दहा ओळींत नोंद करा.